कुणाचं कुणावाचून अडतं?



२ मार्च १९३० हा रविवार होता. त्या दिवशी साबरमती आश्रमातून गांधीजींनी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांना एक लांबलचक पत्र लिहिलं. भाषा आर्जवाची होती, हिशोब रोखठोक होता. व्हाइसरॉयला महिना २१,००० रुपये पगार, म्हणजे दिवसाला ७०० रुपयांवर. आणि या देशातल्या माणसाची सरासरी कमाई दिवसाला दोन आण्यांहूनही कमी. अन्याय दूर झाला नाही तर मिठाचा कायदा मोडू, असं त्यांनी कळवून टाकलं. रेजिनाल्ड रेनल्ड्स नावाचा एक इंग्रज तरुण ते पत्र घेऊन दिल्लीला गेला. दहा दिवसांनी दांडीयात्रा निघाली.

त्याच रविवारी नाशिकला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली सभा भरली आणि हजारो अस्पृश्य माणसं मंदिरप्रवेशाचा हक्क मागत रांगेने, शांतपणे काळाराम मंदिराकडे निघाली. मंदिराची दारं लावलेली होती. मिरवणूक गोदेच्या घाटावर गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून दारांवर सत्याग्रही बसू लागले. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष होते आणि २५ स्त्रिया. दादासाहेब गायकवाडांनी तो लढा पुढे वर्षानुवर्षं नेटाने चालवला.

मी शाळेत शिकलो आणि पुढे अनेक वर्षं शिकवलंही. पण या दोन गोष्टी एकाच दिवशी घडल्या हे मला कुठल्या पाठ्यपुस्तकात एका ओळीत वाचायला मिळालं नाही. दांडीच्या यात्रेला २४ दिवस लागले, आणि वर्षभरात त्याच व्हाइसरॉयला गांधींशी करार करावा लागला. नाशिकचा सत्याग्रह पाच वर्षं चालला, आणि दार उघडलं नाही. शस्त्र तेच, महिना तोच, शिस्तही तितकीच कडक. आणि नाशिकच्या माणसांचं धैर्य दांडीच्या माणसांपेक्षा तसूभरही कमी नव्हतं. मग असं का झालं? आज मला याच प्रश्नाच्या अंगाने आपल्या अहिंसक चळवळी शेजारी शेजारी ठेवून पाहायच्या आहेत.

गावात दोन घरांचं भांडण लागलं की जुनी माणसं आधी एकच गोष्ट बघतात. विहीर कुणाची, बैल कुणाचा, गाडीवाट कुणाच्या बांधावरून जाते. थोडक्यात, कुणाचं कुणावाचून अडतं. न्याय कुणाच्या बाजूला आहे हा प्रश्न नंतरचा. गांधींनी १९०९ साली ‘हिंद स्वराज’मध्ये जो विचार मांडला त्याचं मर्म हेच होतं. इंग्रज इथे आपल्या हातांवर उभा आहे. आपण हात काढून घेतले की तो उभा राहू शकणार नाही. हा विचार फार मोठा होता. पण त्यात एक अट दडलेली होती, आणि ती अट तपासून पाहण्याची वेळ आपल्या महाराष्ट्रावर फार लवकर आली.

ती जागा पुणे जिल्ह्यातली मुळशी. मुळा आणि नीला या नद्यांच्या संगमावर टाटांच्या कंपनीला धरण बांधायचं होतं. वीज मुंबईला जाणार होती आणि भाताची खाचरं पाण्याखाली जाणार होती. शेतकऱ्यांना विचारण्याआधीच त्यांच्या शेतांत चाचणीचे खड्डे खणले गेले. १६ एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशी, तिथले मावळे शेतकरी धरणाच्या जागी जाऊन बसले आणि काम थांबलं. पांडुरंग महादेव बापट तिथेच ‘सेनापती’ झाले. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा तिथलीच. बायका, पोरं, म्हातारी माणसं खडकावर बसली. पुढे स्त्रियाही तुरुंगात गेल्या. देशभर असहकाराचे वारे वाहत होते. गांधींनी ‘यंग इंडिया’त मावळ्यांच्या बाजूने लिहिलं.

तरी मुळशी हरली. का हरली हे समजून घ्यायचं तर सात वर्षं पुढे, बारडोलीला जावं लागेल.

१९२८ साली सुरत जिल्ह्यातल्या या तालुक्याचा शेतसारा सरकारने सुमारे २२ टक्क्यांनी वाढवला. वल्लभभाई पटेलांनी १३७ गावांची मोट बांधली. छावण्या उभ्या राहिल्या, रोज पत्रिका निघू लागली, जप्तीवाला दिसला की वेशीवर नगारे वाजायचे, घरांना कुलपं लागायची, आणि माणसं म्हशींसकट घरात कोंडून घ्यायची. महिनोन्‌महिने म्हशी अंधारात. पाटील-तलाठ्यांनी राजीनामे दिले. सरकारने जमिनी जप्त करून विकायला काढल्या, तर तालुक्यात घेणारा मिळेना, आणि बाहेरून घेणारा आला तर त्याला कसणारा मिळेना. अखेर ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांची चौकशी नेमावी लागली, आणि त्यांनी २२ टक्क्यांची वाढ सहा टक्क्यांच्या आसपास आणून ठेवली.

आता या दोन लढ्यांकडे एकत्र पाहा. बारडोलीत सरकारला जमीन नको होती, जमिनीचा सारा हवा होता. सारा हवा तर पिकवणारा हवा, मोजणारा तलाठी हवा, वसूल करणारा पाटील हवा. प्रत्येक पायरीवर सरकारचं बारडोलीच्या माणसावाचून अडत होतं. मुळशीत कंपनीला फक्त जमीन हवी होती. मावळ्यावाचून तिचं काहीच अडत नव्हतं. तो तिथे राहतो हीच तिची अडचण होती. जमीन मिळवायला तिला दोन गोष्टी पुरेशा होत्या. एक, भूसंपादनाचा कायदा, जो सरकारने तिच्या हाती दिला. दोन, ज्यांच्या नावावर त्यातली बरीच जमीन होती ते पुण्याचे सावकार. ते मोबदला घेऊन मोकळे झाले. कसणारं कूळ खडकावर बसून राहिलं. पुढे बापटांनी धरणाच्या कामाची रेल्वे अडवली आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. अहिंसेची मर्यादा त्यांनी ओलांडली असं म्हणता येईल, मीही म्हणतो. पण अहिंसेने जे मागितलं ते सगळं देऊन झाल्यावर त्या माणसांच्या हाती काय उरलं होतं, हेही त्याच दमात विचारायला हवं.

बारडोलीबद्दल एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. ज्या पाटीदारांनी सरकारला आपल्यावाचून अडवून दाखवलं, त्यांची स्वतःची शेती दुबळा समाजातल्या ‘हाळी’ मजुरांवाचून चालत नव्हती. कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या बांधले गेलेले हे लोक. बारडोलीच्या भागात आश्रमांनी त्यांच्यात आणि आदिवासींत काम सुरू केलं होतं, त्याचं श्रेय त्यांना आहे. पण सारा कमी झाला तो जमीनमालकाचा. हाळीच्या बंधनावर १९२८ चा विजय काही बोलला नाही.

असहकाराची मूळ चळवळ १ ऑगस्ट १९२० ला सुरू झाली. त्याच दिवशी पहाटे मुंबईत सरदारगृहात लोकमान्य टिळकांनी देह ठेवला. पुढच्या वर्षी त्यांच्याच नावाने टिळक स्वराज्य फंड उभारला गेला आणि एक कोटी रुपयांचं लक्ष्य पुरं झालं. त्या काळच्या एक कोटीचा अंदाज आज करणंही कठीण आहे. या चळवळीने लोकांकडे जी यादी दिली ती वाचली की तिचा स्वभाव कळतो. पदव्या परत करा, सरकारी शाळा-कॉलेजं सोडा, कोर्टं सोडा, कौन्सिलं सोडा, विलायती कापड सोडा. सोडायला आधी हातात काहीतरी असावं लागतं. मोतीलाल नेहरू, चित्तरंजन दास यांच्यासारख्यांनी प्रचंड चालणारी वकिली सोडली, तो त्याग खरा होता. पण कॉलेजात न गेलेल्याने कॉलेज कसं सोडायचं? वकिलांपैकी बरेच पुढे परत कोर्टात गेले, विद्यार्थी परत वर्गात गेले. पुण्याचं टिळक विद्यापीठ, अहमदाबादचं गुजरात विद्यापीठ यांसारख्या संस्था मात्र टिकल्या. सरकारचं खरं अडलं ते कापडात. १९२०–२१ मध्ये १०२ कोटी रुपयांचं परदेशी कापड या देशात आलं होतं. पुढच्या वर्षी ते ५७ कोटींवर आलं. कारण धोतर आणि लुगडं प्रत्येक घरात होतं, आणि ‘नको’ म्हणायची सोय प्रत्येकाला होती.

या चळवळीचा शेवट चौरीचौऱ्याला झाला. फेब्रुवारी १९२२ मध्ये गोरखपूर जिल्ह्यातल्या त्या गावी जमावाने ठाणं पेटवलं आणि २२ पोलीस जळून किंवा मारले जाऊन मेले. गांधींनी सगळी चळवळ मागे घेतली. या निर्णयावर शंभर वर्षं वाद चालला आहे. माझं मत सांगतो. चळवळ थांबवणं बरोबर होतं. हिंसेच्या वाटेने ती गेली असती तर सरकारला जे हवं होतं तेच मिळालं असतं, कारण बंदुकांच्या लढाईत सरकारचं आपल्यावाचून काहीच अडत नव्हतं. पण थांबवण्याची रीत मला पटत नाही. देशभर माणसं कर न भरण्याच्या तयारीत उभी होती, आणि त्यांना दुसऱ्या दिवशी काय करायचं हे कुणी सांगितलं नाही. सूत काता, एवढंच उत्तर आलं. आणि चौरीचौऱ्याच्या आरोपींना? सत्र न्यायालयाने १७२ जणांना फाशी सुनावली. मदनमोहन मालवीय त्यांच्यासाठी उच्च न्यायालयात उभे राहिले, बहुतेकांचे प्राण वाचले, तरी १९ जण फासावर गेले. ही माणसं अनेक वर्षं स्वातंत्र्याच्या इतिहासाबाहेरच राहिली.

१९३० साली गांधींनी मीठ हा विषय निवडला तेव्हा काँग्रेसमधलेच पुष्कळ लोक चकित झाले. तेही साहजिक होतं. माझं आजचं सूत्र लावून पाहिलं तरी मीठ बसत नाही. समुद्राकाठी चार मुठी मीठ उकळल्याने सरकारी तिजोरीचं काय अडणार? काहीच नाही. मीठ बनवणाऱ्याने सरकारकडून काही काढूनही घेतलं नव्हतं. मग त्या चिमटीभर मिठाने एवढं मोठं राज्य का हललं?

मी यावर पुष्कळ विचार केला आहे, आणि माझं सूत्र इथे मला दुरुस्त करावं लागलं. राज्याला करापेक्षा, कापडापेक्षा जास्त गरज असते ती धाकाची. एक गोरा अधिकारी आणि चार शिपाई एका तालुक्यावर राज्य करतात ते लोक घाबरतात म्हणून. १९२० च्या यादीत सोडायला काहीतरी लागत होतं. मिठाने सगळ्यांकडे एकच गोष्ट मागितली, आणि ती सगळ्यांकडे होती. भीती. ती सोडायची. कोळ्याने सोडायची, वकिलाने सोडायची, माजघरात बसलेल्या बाईने सोडायची.

दांडीच्या वाटेवर गांधींबरोबर निवडक ७८ जण होते. त्यांत एक होते आश्रमाच्या प्रार्थनेत भजनं गाणारे पंडित नारायण मोरेश्वर खरे, पलुस्करांचे शिष्य आणि आपल्या सांगली भागातले. स्त्री मात्र एकही नव्हती, तसं ठरवूनच. नाशिकच्या पहिल्या तुकडीतल्या त्या २५ बायका इथे पुन्हा आठवाव्यात. पण सहा एप्रिलला दांडीला मीठ उचललं गेल्यानंतर बायकांनी कुणाच्या परवानगीची वाट पाहिली नाही. मुंबईत कमलादेवी चट्टोपाध्याय आणि अवंतिकाबाई गोखले मिठाचा कायदा मोडायला पुढे आल्या. या अवंतिकाबाईंवर मी थोडा थांबतो. १९१७ साली चंपारण्यात निळीच्या शेतकऱ्यांचा लढा चालू असताना गांधींनी तिथल्या खेड्यांत शाळा काढल्या, तेव्हा मुंबईहून गेलेल्या स्वयंसेवकांत त्या होत्या. १९१८ साली त्यांनी गांधींचं मराठी चरित्र लिहिलं आणि त्याला प्रस्तावना होती लोकमान्यांची. तेरा वर्षांत एक बाई चंपारण्याच्या शाळेतून मुंबईच्या समुद्रापर्यंत आली. आपण इतिहासात चळवळींचे तुकडे करतो, एक इथे संपली, दुसरी तिथे सुरू झाली. मधल्या वर्षांत अवंतिकाबाईंसारखी माणसं काम करत राहिली म्हणून दुसरी उभी राहू शकली.

२१ मे १९३०, धारासणा. गांधींना चार मेच्या मध्यरात्रीनंतर अटक झालेली. सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली अडीच हजार स्वयंसेवक मिठागाराकडे निघाले. लोखंडी टोकाच्या लाठ्या डोक्यांवर पडत होत्या आणि मार चुकवायलासुद्धा कुणी हात वर केला नाही. एक रांग पडली की दुसरी पुढे यायची. अमेरिकन वार्ताहर वेब मिलर तिथे हजर होता; त्याने दवाखान्यात ३२० जखमी मोजले आणि दोघांचे मृत्यू नोंदवले. त्याची बातमी जगभर छापली गेली. त्या दिवशी मीठ किती मिळालं याला महत्त्व नाही. लाठी मारूनही माणूस मागे सरत नाही, हे सरकारी शिपायाने पाहिलं, हे महत्त्वाचं.

आणि शिपायाने ते पाहिलं की काय होऊ शकतं याची चुणूक त्याआधी महिनाभर पेशावरला मिळाली होती. २३ एप्रिलला किस्साखानी बाजारात गोळीबार झाला, खान अब्दुल गफारखानांच्या खुदाई खिदमतगारांवर आणि नि:शस्त्र गर्दीवर. तिथे चंद्रसिंह गढवालींच्या पलटणीने गोळ्या झाडायला नकार दिला. हिंदू शिपाई, समोर पठाण मुसलमान. त्यांना लष्करी न्यायालयापुढे उभं केलं गेलं, चंद्रसिंहांना जन्मठेप झाली. साम्राज्याचं ज्याच्यावाचून शेवटी अडतं तो माणूस हा. सगळ्या चळवळींत मला हा क्षण सर्वांत मोठा वाटतो.

आमच्या बाजूला, समुद्रापासून लांब असलेल्या महाराष्ट्राने मिठाचं भाषांतर आपल्या मातीत केलं. अकोला जिल्ह्यात दहीहंड्याला खारपाण पट्ट्यातल्या विहिरीच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ काढलं. जिथे तेही नव्हतं तिथे जंगल होतं. लोकनायक बापूजी अणे यांनी १० जुलैला पुसदला राखीव कुरणातलं गवत कापलं. बिळाशी, संगमनेर, अकोले, पुढे सगळीकडे तेच. गवत हा विषय मिठाहूनही थेट होता, कारण गुरं, सरपण, राब हे सगळं जंगल खात्याच्या परवान्यात अडकलेलं होतं. म्हणूनच तिथे रागही जास्त होता. २५ सप्टेंबरला उरणजवळ चिरनेरला झालेल्या प्रसंगात आठ आंदोलक मारले गेले आणि खुद्द मामलेदारही. त्याआधी मे महिन्यात, गांधींच्या अटकेनंतर, सोलापूर पेटलं होतं. गिरण्या बंद पडल्या, ८ मेला गोळीबार झाला, ठाण्यांवर आणि कोर्टावर जमाव चालून गेला, पोलीस मारले गेले. चार दिवस शहरात सरकार नव्हतं. १२ मेला लष्करी कायदा आला. गांधी टोपी घातली म्हणूनही माणसं शिक्षेला पात्र ठरू लागली. मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं.

चौरीचौऱ्यानंतर चळवळ थांबली होती. सोलापूरनंतर थांबली नाही. गांधी बदलले होते, असं मला वाटतं. एका ठिकाणच्या ठिणगीपायी सगळा देश परत घरी पाठवायचा नाही, हे त्यांनी १९२२ मधून शिकून घेतलं होतं.

१९४२ ची गोष्ट वेगळ्याच जातीची आहे. ८ ऑगस्टला गवालिया टँकवर ठराव झाला, पहाटेपर्यंत सगळे नेते तुरुंगात. नेतृत्वाशिवाय, तयारीशिवाय, सूचनांशिवाय देश उठला. सरकारी आकड्यांप्रमाणेच १९४३ च्या अखेरीपर्यंत ९१,८३६ जणांना अटक झाली, आणि पोलीस व लष्कराच्या गोळीबारात १,०६० माणसं मेली. रेल्वे स्टेशनं, पोस्टं, तारा तोडल्या गेल्या. युद्धाच्या काळात सरकारचं सगळ्यांत जास्त अडत होतं ते रेल्वे आणि तारांवाचून, हे लोकांना बरोबर कळलं होतं. पण त्याच युद्धामुळे सरकारकडे कधी नव्हतं इतकं लष्कर इथे हजर होतं.

तरी सातारा जिल्ह्यातल्या पहिल्या मोर्च्यांकडे पाहा. तासगाव, वडूज, इस्लामपूर. कचेरीवर तिरंगा लावायचा, एवढाच कार्यक्रम. ९ सप्टेंबरला वडूजला हातात झेंडा घेऊन पुढे निघालेल्या परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण गोळ्यांना बळी पडले. हे मोर्चे धारासण्याचीच सावली होते. त्यानंतर काय झालं ते आपण जाणतोच. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकाराने गावोगाव न्यायदान मंडळं नेमली, जमिनीचे आणि कर्जाचे तंटे सोडवले, दारू बंद केली, हुंड्याशिवाय, खर्चाशिवाय ‘गांधी लग्नं’ लावली. १९२० साली मोठमोठ्या वकिलांना जमलं नाही ते कोर्टावरच्या बहिष्काराचं काम साताऱ्याच्या शेतकऱ्याने करून दाखवलं. लोकांचं कोर्टावाचून अडेनासं झालं. पण त्याच प्रतिसरकारने पायाला पत्र्या ठोकल्या आणि बंदुकाही वापरल्या. याला अहिंसा म्हणता येणार नाही, आणि प्रेमापोटीही म्हणू नये. गांधींनी तुरुंगातून सुटल्यावर भूमिगतांचं धैर्य मानलं आणि मार्ग मानला नाही. मला दोन्ही गोष्टी बरोबर वाटतात.

आता पुन्हा नाशिकला येतो, कारण उत्तर अजून दिलेलं नाही.

काळारामाच्या दारात बसलेल्या माणसावाचून मंदिराचं काहीच अडत नव्हतं. दार लावून घेतलं की झालं. रामनवमीच्या रथाच्या दिवशी तेवढं अडलं. म्हणून त्याच दिवसासाठी तडजोड झाली, दोन्ही बाजूंनी मिळून रथ ओढायचा ठरलं. ते पाळलं गेलं नाही आणि दगड पडले. सरकार सुव्यवस्थेच्या नावाखाली बंद दाराच्या बाजूने उभं राहिलं. आणि जो देश त्याच महिन्यात मिठासाठी लाठ्या खात होता, त्याने नाशिककडे वळून पाहिलं नाही. हे मी कुणाला दोष द्यायला सांगत नाही, पण हे घडलं आहे.

बाबासाहेबांना ही अडचण आधीच ठाऊक होती, असं महाडकडे पाहिलं की वाटतं. महाडचं चवदार तळं मुंबई विधिमंडळातल्या सी. के. बोले यांच्या १९२३ च्या ठरावाने अस्पृश्यांना कायद्याने खुलं झालेलं होतं. महाड नगरपालिकेनेही तसं ठरवलं होतं. २० मार्च १९२७ ला तिथे कायदा मोडला गेला नाही, कायद्याने दिलेला हक्क वापरला गेला. दांडीत कायदा मोडणं हे शस्त्र होतं, महाडला कायदा पाळणं हे शस्त्र होतं. म्हणूनच डिसेंबरात कोर्टाचा मनाई हुकूम आला तेव्हा हजारो लोक जमलेले असूनही बाबासाहेबांनी तळ्यावर जाणं थांबवलं. समोर सरकार नव्हतं, शेजारी होता. आणि शेजाऱ्याशी भांडताना तिसरा कुणीतरी लागतो. तो तिसरा म्हणजे कोर्ट.

पण महाडला त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. मेलेलं जनावर ओढू नका, ते खाऊ नका. हा खरा असहकार होता. कारण इथे गावाचं अडत होतं. मेलेलं जनावर कोण ओढणार, सांगावा घेऊन कोण धावणार, वेठीला कोण राबणार? गावाने त्याला उत्तर दिलं तेही असहकाराचंच: वाळीत टाकणं, कामावर न घेणं, वाटा बंद करणं. ज्याच्या हातात जमीन आणि दुकान असतं त्याचा बहिष्कार उपाशी मारतो. ज्याच्या हातात काही नसतं त्याच्या बहिष्काराने गावात फक्त दुर्गंधी पसरते. या दोन बहिष्कारांना एकच शब्द वापरणं मला कधीच पटलं नाही.

काळारामचा लढा थांबल्यावर १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला बाबासाहेबांनी धर्म सोडण्याची घोषणा केली. दारात बसून मागण्यापेक्षा निघून जाणं, आणि आपण गेल्यावर त्यांचं काय अडतं ते त्यांना पाहू देणं. असहकाराचा इतका मोठा, इतका शिस्तबद्ध प्रयोग या देशात दुसरा झालेला नाही. १९५६ साली नागपूरला तो पूर्ण झाला, आणि त्यात एक दगडही पडला नाही. पण स्वातंत्र्यलढ्यातल्या अहिंसक चळवळींची यादी करताना आपण तो धरत नाही.

महाडच्या दाव्याचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ ला दिला. तळं सर्वांचं ठरलं. मिठावरचा कर १९४७ साली गेला. मुळशीचं पाणी आजही टाटांच्या वीजघरात उतरतं.

आज दुपारी इथे लवकर आलो म्हणून वाचनालय पाहिलं. मिठाच्या सत्याग्रहाची पुस्तकं ‘स्वातंत्र्यलढा’ असं लिहिलेल्या कपाटात आहेत. महाड आणि नाशिकची पुस्तकं मागच्या भिंतीच्या कपाटात आहेत, ‘दलित चळवळ’ अशा चिठ्ठीखाली. मुळशीचं एक पुस्तक ‘पुणे जिल्हा’ या खणात सापडलं. माझी ग्रंथपालांना आणि आपणा सर्वांना विनंती आहे, ही सगळी पुस्तकं एका कपाटात लावा. उद्या सकाळी मी गावातच आहे. हात लावायला येईन.